वाऱ्याचा बाण

डांबरी रस्ता जिथं संपला तिथं गुल जमाननं गाडी उभी केली, खाली उतरला आणि चाकांतली हवा सोडायला लागला. आधी पुढचं डावं चाक, मग मागचं. सुस्स असा आवाज येत राहिला आणि गाडी एका अंगानं हळूहळू खाली बसायला लागली.

“अहो, बघा की, हवा सोडायलाय तो,” शालन म्हणाली. “चांगली टणक चाकं होती. डोकं फिरलं का काय ह्याचं?”

मी काच खाली केली. एकतीस वर्षं वर्गात काढलेला माणूस मी. समोर कुणी चुकताना दिसला की मला गप्प बसवत नाही.

“ओ भाई, हवा क्यों निकालता है? आगे सब रेत है. गाडी फसेगी ना!”

गुल जमान पन्नाशीचा पठाण होता. दाढीला मेंदी लावलेली, अंगात पांढरा लांब झगा. त्यानं मान वर केली आणि हसला. “साहब, हवा निकालेगा तभी नहीं फँसेगा. टायर चपटा होके रेत पे फैलेगा. ऊँट का पाँव देखा है? बस, वैसा.”

उंटाचे पाय पसरट असल्यामुळे ते वाळूत रुतत नाहीत, हे वाक्य मी दर वर्षी मुलांना उतरवून दिलं होतं. पण त्याचा चाकाशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

“बरोबर आहे त्याचं,” मी शालनला सांगितलं, जणू हे मला आधीपासून ठाऊक होतं. पुढच्या सीटवर बसलेल्या वारणानं आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

वारणा आमची एकुलती एक मुलगी. भूगोलाच्या मास्तरला मुलगी झाली, तिला आमच्याकडच्या नदीचं नाव दिलं. लग्नानंतर ती शारजाला गेली आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. मी सांगतोय त्या सफरीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि आम्ही दोघं आठ दिवसांसाठी तिच्याकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान होतं. वाळवंटातली सफर तिनं मुद्दाम शेवटच्या संध्याकाळी ठेवली होती.

कार्यक्रम तिनं घरीच वाचून दाखवला होता. तीन वाजता गाडी न्यायला येणार. मग वाळूच्या टेकड्यांवरून गाडी पळवणार, उंचावरून सूर्यास्त दाखवणार. अंधार पडायच्या सुमारास तंबूंच्या तळावर नेणार. तिथं कहवा, खजूर, उंटावर बसणं, हातावर ससाणा घेऊन फोटो, बायकांना मेंदी, आगीचे खेळ, जेवण, आणि नऊच्या आत घरी. शालनला मेंदी काढायची होती आणि ससाण्याच्या जवळपास जायचं नव्हतं.

मला यातलं काहीच नको होतं. मला बारखाण बघायची होती.

ज्यांनी शाळेचा भूगोल विसरून टाकलाय त्यांच्यासाठी सांगतो. वाळवंटात वारा वाळूचे ढीग घालतो. त्यातला जो ढीग वरून अर्ध्या चंद्रासारखा दिसतो, दोन बाजूंना दोन शिंगं आणि मध्ये खोलगट पोट, त्याला बारखाण म्हणतात. मी ती नववीच्या फळ्यावर एकतीस वर्षं काढली. खडूच्या एका फटक्यात काढायचो, पोरं बघत राहायची. मग बाण काढायचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा. दोन शिंगांच्या मधून आत, पोटाच्या दिशेनं. “वारा कुशीत शिरतो आणि पोट पोखरतो,” असं म्हणायचो, आणि वर्ग एका सुरात ते म्हणायचा. कवठेमहांकाळच्या बाजारात आजही चाळिशीतला एखादा दुकानदार मला बघून म्हणतो, “सर, वारा कुशीत शिरतो!”

नववी ‘ब’मध्ये वारणा माझ्याच वर्गात होती. घरी अण्णा, शाळेत सर, हे तिला व्यवस्थित जमायचं. प्रश्न मात्र दोन्हीकडे विचारायची. पाटा-वरवंटा कुठल्या दगडाचा, चंद्राला दुपार होते का, नदीला वळायचं कसं कळतं. जेवताना सुद्धा थांबायची नाही. शालन वैतागून म्हणायची, “अगं, घास तरी गिळू दे त्यांना.”

त्या वर्षी चाचणी परीक्षेत तिनं बाण उलटा काढला. पाठीकडून, शिंगांच्या दिशेला. मी शून्य दिलं. वर्गात तिचा पेपर वर धरून म्हणालो, “घरी शिकवणारा, शाळेत शिकवणारा एकच, तरी ही तऱ्हा.” पोरं हसली. दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या वाचनालयातलं एक जाड पुस्तक घेऊन आली आणि भर तासाला माझ्या टेबलावर ठेवलं. “सर, यात बाण पाठीकडून आहे,” ती म्हणाली. मी पुस्तकाला हातही लावला नाही. “पुस्तकवाल्यांना इथं येऊन शिकवायला सांग,” असं म्हणून तिला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं.

मुख्याध्यापकांनी नंतर माझं कौतुक केलं, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही म्हणून. मलाही ते खरं वाटलं. ते पुस्तक दोन दिवस टेबलावर पडून होतं. मी उघडलं नाही. उघडायची भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसानंतर वारणानं मला एकही प्रश्न विचारला नाही. रुसली नाही, उलट बोलली नाही, पाया पडायची, डबा आणून द्यायची. दहावी, बारावी, कॉलेज, लग्न, सगळं रीतसर झालं. पण ‘अण्णा, हे असं का?’ हे त्या घरात परत ऐकू आलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, पोर शहाणी झाली. मग घर फार शांत वाटायला लागलं. मग निवृत्त झालो आणि रिकामपणी दुसरं काही सुचेना. आमच्या दोघांच्या मध्ये एक खडूचा बाण पडून होता आणि तो कुणीतरी उचलायला हवा होता. मी ठरवलं होतं की परत जायच्या आधी बारखाण डोळ्यांनी बघायची. मी बरोबर निघालो तर तिला दाखवायचं, की बघ, आता तरी सोड. मी चुकलेलो निघालो तर काय करायचं, ते ठरवलं नव्हतं. ‘मी चुकलो’ हे दोन शब्द मी उभ्या जन्मात बायकोलाही म्हणालो नव्हतो.

गाडी वाळूत शिरली. पुढची वीस मिनिटं मला सलग सांगता येणार नाहीत. समोर वाळूची भिंत उभी राहायची, गाडी रेटा देऊन तिच्यावर चढायची, वर पोचलो की काचेत नुसतं आभाळ, आणि मग नाक खाली करून आम्ही पलीकडे घसरायचो. वाळू दोन्ही बाजूंच्या काचांवरून पाण्यासारखी वाहायची. शालननं वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती आणि “दंडोबा रे, दंडोबा” एवढंच चालू होतं. गुल जमान एका हातानं स्टिअरिंग फिरवत दुसऱ्या हातानं तिला टिश्यू पेपरचा डबा देत होता.

“अम्मा, डरो मत. मेरा ये चौदह साल का काम है.”

“त्याला म्हणावं चौदा वर्षं केलंस, आता पुरे,” शालन ओरडली. वारणा खळखळून हसली. ती तशी हसलेली मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो.

मग एका उंच धारेवर गाडी थांबली. इंजिन बंद झालं आणि आम्ही खाली उतरलो.

मी आमच्या भागातला दुष्काळ पाहिलाय, चाळीस मैल हिरवं पान नाही असा उन्हाळा पाहिलाय. मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे त्याचाच थोरला भाऊ असेल. पण इथं काही कोरडं पडलेलं, मेलेलं वाटतच नव्हतं. नजर जाईल तिथपर्यंत तांबूस वाळू, एकामागे एक उतरत गेलेली. माणूस नाही, झाड नाही, तार नाही. एका टेकडीची सावली दुसरीच्या अंगावर पडलेली, आणि त्या सावलीची कडा अशी धारदार, की माझ्यासारख्या पट्टीनं रेघा मारणाऱ्याला हेवा वाटावा. मी टोपी काढून हातात धरली. का ते मला माहीत नाही.

खाली बघितलं तर पायापाशी वाळूवर बारीक लाटा उमटलेल्या होत्या. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीच्या, शेकडो, हजारो, उतारभर पसरलेल्या.

“ऊर्मी चिन्हे!” मी ओरडलो. “शालन, बघ, ऊर्मी चिन्हे आहेत ही!”

“असू देत की,” शालन म्हणाली. ती गाडीला टेकून चपलेतली वाळू झटकत होती.

एकतीस वर्षं मी तो शब्द उतरवून दिला होता. स्वल्पविराम देऊन, खाली रेघ मारायला लावून. शब्द मला पाठ होता, वस्तू कधी भेटली नव्हती. मी गुडघ्यावर बसलो आणि त्या लाटांवरून हात फिरवला. वाळू गिरणीतून नुकत्याच आणलेल्या पिठासारखी कोमट होती. हात काढला, तर वाऱ्यानं माझ्या बोटांच्या खुणा डोळ्यांदेखत भरायला घेतल्या. वाळूचा एकेक कण उडी मारत पुढं सरकत होता. अपक्षय, वहन, संचयन, असं आम्ही म्हणायचो. वहन चालू होतं, माझ्या नाकासमोर, आणि मी साठ वर्षांचा बाप्या तिथं डोळे पुसत बसलो होतो.

वारणा जवळ येऊन उभी राहिली.

मी उठून गुल जमानकडे गेलो. “भाई, वो चाँद जैसा रेत का टीला होता है ना? आधा चाँद. दो सींग वाला. वो किधर मिलेगा?”

त्यानं हातानं हवेत कोयत्यासारखा आकार काढला. “ये वाला? वो यहाँ नहीं है साहब. यहाँ रेत बहुत है, सब जुड़ गया. वो खुले मैदान में बनता है, पीछे की तरफ. पर सब गाड़ी सूरज देखने आगे जाएगा, हमको भी उधर जाना है.” त्यानं सूर्याकडे बघितलं. “टाइम कम है.”

“हम कल सुबह जाता है,” मी म्हणालो. “वापस नहीं आएगा.”

माझ्या हिंदीवर शालन नेहमी हसते, त्या दिवशी हसली नाही. वारणा गुल जमानशी बाजूला जाऊन दोन मिनिटं बोलली. तिनं त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही. तो परत आला आणि दार उघडून म्हणाला, “बैठो साहब. भगाता हूँ.”

त्यानं खरोखर गाडी पळवली. शालननं यावेळी डोळेच मिटून घेतले. टेकड्या मागं पडल्या, सपाट खडेरी मैदान लागलं आणि गाडी एकदम थांबली.

“वो देखो आपका चाँद,” गुल जमान म्हणाला.

मैदानात त्या सुट्या सुट्या बसल्या होत्या. सात-आठ असतील. एकेक दुमजली घराएवढी, प्रत्येकीला दोन शिंगं, प्रत्येकीचं तोंड एकाच दिशेला. बाजाराच्या दिवशी बैल एका रांगेत बसवावेत तशा. तिरप्या उन्हात त्यांच्या पाठी सोन्यासारख्या झळकत होत्या आणि पोटात गडद सावली होती. कुणी काढल्या, कुणी मापून ठेवल्या? कंपास नाही, पट्टी नाही, नुसता वारा. फळ्यावरची माझी खडूची बारखाण मी किती बारकी करून ठेवली होती, हे बघून मला माझीच लाज वाटली.

“तुम्ही जा दोघं,” शालन म्हणाली. “मी हितनंच बघते. माझ्यानं आता पाऊल उचलवत नाही.”

मी आणि वारणा चालत निघालो. समोरच्या बारखाणीच्या शिंगांकडून मी आत शिरलो. हीच माझी वाट होती. फळ्यावर माझा बाण इथूनच जायचा. वारा कुशीत शिरतो. मी छाती पुढं काढून, टोपी घट्ट धरून चाललो होतो.

आत गेलो आणि वारा थांबला.

कमी झाला नाही, थांबलाच. मैदानात शर्ट फडफडत होता, इथं बाहीही हलेना. माझ्या तिन्ही बाजूंना वाळूचा उभा कठडा होता, माथ्यावर वाळूची बारीक धूळ उडताना दिसत होती, आणि ती पलीकडच्या बाजूनं येऊन माझ्या अंगावर ओघळत होती. अगदी सावकाश, बारीक सरसर आवाज करत. वारा पाठीकडून चढत होता, माथ्यावर वाळू टाकून देत होता आणि ती या बाजूला गळून पडत होती. जोराच्या वाऱ्यात आपण त्याला पाठ देतो आणि हात पुढं घेतो, तशी ही बसली होती. पाठ वाऱ्याला, शिंगं पुढं.

इतकी शांतता मी आयुष्यात कुठं ऐकली नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात सुद्धा दिव्याची वात तरी तडतडते.

“आज वारा उलटा असेल,” मी शेवटी म्हणालो. आवाज माझा मलाच खोटा वाटला. “ऋतूप्रमाणे बदलतो तो. मोसमी वाऱ्यांचं कसं असतं...”

मी मागं वळून मैदानापलीकडे उभ्या असलेल्या गुल जमानला हाक मारली, हातानं दिशा दाखवली. “भाई! हवा हमेशा किधर से आता है?”

त्यानं क्षणाचाही विचार न करता बारखाणीच्या पाठीकडे हात केला. “हमेशा उधर से, साहब! चौदह साल से उधर से!”

मी तिथंच वाळूत बसलो. बी.एड.च्या वहीत मी आकृती उतरवून घेतली होती, तेव्हाच बाण उलटा उतरला असणार. पुढं त्या वहीवरूनच शिकवत गेलो. पुस्तक उघडायची गरजच पडली नाही, इतकं मला सगळं येत होतं.

“एकतीस वर्षं,” मी म्हणालो. “वर्षाला दोन तुकड्या. तुकडीत पन्नास धर. तीन हजार पोरांच्या डोक्यात मी उलटा बाण घातला, वारणा. तुला एकटीला सोडून.”

ती माझ्याशेजारी येऊन बसली. वाळूची एक बारीक धार तिच्या ओढणीवर येत होती.

“मला सोडून नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“वार्षिक परीक्षा तालुक्याची एकच असायची, आठवतं? पेपर शेजारच्या जतच्या शाळेत तपासायला जायचे. त्या वर्षी आकृती आली होती.”

आठवत होतं. आकृती काढा आणि वाऱ्याची दिशा दाखवा. त्या प्रश्नाला आमच्या शाळेच्या सगळ्या पोरांचे दोन-दोन मार्क गेले होते आणि मी जतच्या मास्तरांना शिव्या घातल्या होत्या, आमच्यावर जळतात म्हणून.

“मी पण तुमचाच बाण काढला,” वारणा म्हणाली. “कुशीत शिरणारा.”

“पण तुला तर बरोबर माहीत होतं.”

“हो.”

“पुस्तक आणून दाखवलं होतंस.”

“हो.”

“मग?”

तिनं ओढणीवरची वाळू झटकली. “पेपर सुटल्यावर सगळी पोरं व्हरांड्यात उत्तरं ताडून बघायची. माझा एकटीचा बाण वेगळा निघाला असता. मग निकाल लागला असता. सगळ्यांचे दोन मार्क गेलेले आणि फक्त सरांच्या मुलीला मिळालेले. सगळ्या गावाला कळलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात कसे गेला असता?”

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“चौदा वर्षांची होते मी. मला तेवढंच सुचलं,” ती म्हणाली. “राग होता तुमचा. खूप होता. पण पेन्सिल हातात घेतली आणि हात तिकडे गेलाच नाही.”

त्या दिवशी दुपारपासून मी जे जे बघितलं होतं, त्या सगळ्यानं माझे डोळे दिपले होते. पण ते सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. चौदा वर्षांच्या पोरीनं बापाची चूक उघडी पडू नये म्हणून स्वतःच्या पेपरात चूक केली होती, आणि पुढची वीस-बावीस वर्षं एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं. आणि मी तिला मार्क कमी पडले म्हणून बोललो असणार. नक्कीच बोललो असणार. मी माझ्या घरात एवढी मोठी व्यक्ती वाढवली आणि मला तिचा पत्ताच नव्हता. मला एकाच वेळी रडू येत होतं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं.

“चला, सूर्य बुडेल,” तिनं मला हात देऊन उठवलं. “माथ्यावर जाऊ. तिथून चांगला दिसेल.”

शिंगाच्या कडेनं आम्ही वर चढलो. पाऊल घोट्यापर्यंत आत जायचं, एक पाऊल वर गेलं की अर्धं खाली यायचं. मला दम लागला होता, ती पुढं होऊन ओढत होती. माथ्यावर पोचलो आणि वारा भसकन अंगावर आला. पाठीकडून, जिकडून तो नेहमी येत होता तिकडून. तिची ओढणी सरळ पुढं उडाली, शिंगांच्या दिशेला. वाऱ्याकडे तोंड केलं, तर त्या सगळ्या बारखाणी एका ओळीनं बसल्या होत्या आणि पलीकडे सूर्य वाळूला टेकला होता, मोठा, लाल, डोळ्यांना न टोचणारा. वाळू त्याच्याखाली इतकी लाल झाली होती की कुठं आभाळ सुरू होतं ते कळत नव्हतं.

आता बोललो नाही तर विमानात बसून आयुष्यभर बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

“मी चुकलो,” मी म्हणालो.

वारा फार होता. वारणानं कानाशी हात नेला. “काय?”

मी घसा साफ केला. “मी चुकलो, वारणा.”

“काय म्हणालात? ऐकू येईना!”

साठ वर्षांत या घशातून जे कधी बाहेर पडलं नव्हतं ते मी सगळ्या छातीनिशी ओरडलो. शाळेच्या मैदानावर मी कवायत घ्यायचो, तेवढ्या मोठ्यानं ओरडलो. “मी चुकलो! बाण उलटा होता! तुझं बरोबर होतं! मी चुकलो!”

मैदानापलीकडे गाडीशी बसलेली शालन उठून उभी राहिली. “काय झालं हो?” तिची हाक वाऱ्यात तुटत तुटत आली. “पडला का काय?”

“क्या हुआ साहब?” गुल जमान धावत निघाला होता.

मी त्यांना हातानं थांबवलं आणि वारणाकडे वळलो. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. खांदे हलत होते. ती हसतेय का रडतेय ते मला आधी कळेना. तिनं हात खाली घेतले तेव्हा दोन्ही चालू होतं.

“अगं, अजून ऐकू आलं नाही का?” मी विचारलं.

“पहिल्या वेळीच आलं होतं,” ती म्हणाली.